कोरडी पाठ

त्या सकाळी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सदऱ्याची बटणं लावायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण अण्णा उभे राहत नव्हते. म्हणजे उभे होते, पण जागच्या जागी चालत होते. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा.

"अण्णा, एक मिनिट स्थिर राहा."

"मी स्थिरच आहे. पाय ऐकत नाहीत. मी यांचा मालक राहिलो नाही गं, भाडेकरू झालो."

तिला हसू आलं. अण्णांना आलं नाही. ते अजून विनोद करायचे, पण चेहरा फळीसारखा तसाच राहायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं कळत नसे. तोंडात काही नसताना जबडा मात्र चघळत असायचा. पोट सुटलं होतं, मधलं बटण ओढून लावावं लागत होतं. घरच्या कौलांच्या भट्टीवर तीस वर्षं मिस्त्री राहिलेला, शिडीवरून पोरासारखा चढणारा माणूस तीन वर्षांत असा झाला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पेटत्या भट्टीच्या आतून माणसांच्या हाका ऐकू यायला लागल्या. एके दुपारी ते त्या माणसांना बाहेर काढायला अनवाणी भट्टीवर चढले. चौघांनी ओढून खाली आणलं तेव्हा तळपायांची कातडी सुटली होती. मग तालुक्याचे डॉक्टर, मग पांढरी गोळी. गोळीने हाका थांबल्या, हे खरं होतं. दोन महिन्यांत हात असे कापायला लागले की कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. मग त्या कापण्यावर पिवळी गोळी आली. पिवळीने हात जरा शांत केले आणि तोंड वाळवलं. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. मधल्या काळात आई गेली. अण्णा कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसून राहिले, आणि आलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत राहिल्या. सगळे गेल्यावर ते तिला म्हणाले होते, "रडायचं होतं गं मला. शोधलं, सापडलं नाही."

आता ती तळहातावर दोन गोळ्या घेऊन उभी होती.

"पिवळी आज नको देऊ," अण्णा म्हणाले. "हिने मला आतून वाळवून टाकलंय. काल दिवसभर आगीपुढे होतो, अंगावर घामाचा थेंब नाही. सगळी उष्णता आतच राहते. आत भट्टी लावल्यासारखं होतं."

भट्टी हा शब्द ऐकला आणि तिने तळहात मिटला. डॉक्टरांनी शिकवलेल्या हळू आवाजात तिने विचारलं, "आत कोण आहे, अण्णा? कुणी बोलावतंय का?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती काय तपासते आहे ते त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे केला, दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी घेतलं, आणि कुणी न सांगता तोंड उघडून जीभ वर उचलून दाखवली.

तिने वाकून पाहिलं. गोळ्या गेल्या होत्या.

भट्टी पेटून दुसरा दिवस होता. तीन दिवस आग एकसारखी ठेवायची असते. मधे ताव उतरला तर आतली कच्ची कौलं तडकतात आणि महिनाभराचं थापणं मातीमोल होतं. त्यात जळण टाकणारे दोघे जण आठवड्यापूर्वीच दुसरीकडे निघून गेले होते. ऊन असं की वाळवणाच्या जागेवर मांडलेली ओली कौलं दुपारपर्यंत कडांनी उचलली जायची. भट्टीच्या दोन तोंडांवर माणसं पुरत नव्हती, म्हणून काकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, विचारलं होतं, "दादाला आणतेस का? जळण नाही टाकलं तरी चालेल. ज्वाळेकडे बघून नुसतं सांगू दे. त्याच्यासारखी नजर कुणाची नाही."

ती लगेच हो म्हणाली होती. काकांना वाटलं भट्टीसाठी. तिला अण्णा हवे होते. आगीपुढे उभं राहून, डोळे बारीक करून, "डाव्या अंगाला दोन ओंडके, उजवीकडे थांबा" असं म्हणणारे. घरात जे होतं ते कुणाचं तरी अंग होतं, त्याला ती न्हाऊ-माखू घालत होती. भट्टीपाशी तेवढा तिचा बाप अधूनमधून परत यायचा.

भट्टीवर विश्रांतीचा एक नियम होता. तो आजोबांनी घातला होता आणि अण्णांनी तीस वर्षं कडक चालवला होता. तोंडापुढून हटून सावलीत जायचं असेल तर शेजारच्याने पाठीवर पंजा ठेवायचा. सदरा पंजाला चिकटला तर जा, बस, पाणी पी. नाही चिकटला तर अजून तुझी पाळी आली नाही. घड्याळ नको, वाद नको. नवीन लोक सुरुवातीला चोरून पाठीवर पाणी मारून घ्यायचे. अण्णा सदरा नाकाला लावून हसायचे आणि म्हणायचे, "याला मिठाचा वास नाही. चल, आगीपुढे."

त्या दिवशी बाराच्या सुमाराला अण्णांनी हात वर केला. शेजारी भोंगा होता. आवाजामुळे त्याला सगळे भोंगाच म्हणत, त्याच्या बायकोसकट. त्याने पाठीवर पंजा ठेवला आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडला, "मिस्त्री, तुम्ही तर पापडासारखे कोरडे! आम्ही इथं वितळलो आणि तुम्ही अजून गरमसुद्धा झाला नाहीत!"

सगळे हसले. वाईट हेतूने नाही. भोंगा अण्णांच्याच हाताखाली शिकलेला होता, त्यांच्यावर जीव टाकायचा. अण्णा पुन्हा तोंडापुढे उभे राहिले. डावा पाय, उजवा पाय.

अर्ध्या तासाने ते पिंपापाशी गेले, बादली भरली आणि कपड्यांसकट डोक्यावर उपडी केली. मग दुसरी भरली.

"अरे, अरे!" काका धावले. "प्यायचं पाणी आहे ते, दादा! चार मैलांवरून आणलंय!"

"नकली घाम!" भोंगा हसत ओरडला. "मिस्त्रींनीच पकडायचं आणि मिस्त्रींनीच करायचं? वास घेऊ का?"

काकांनी बादली काढून घेतली. तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सुरू झालं की काय गं याचं? कपड्यांनिशी अंघोळ करतोय. गोळी दिलीस ना?"

"माझ्यासमोर घेतली."

"मग बघ जरा. लोक बघतात."

तिने अण्णांना शेडच्या मागे नेलं, ओला सदरा उतरवला, कोरडा घातला. पुन्हा ती बटणं. अण्णा म्हणाले, "बरं वाटत होतं गं पाण्याने." एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "असं चारचौघांत करायचं नाही, अण्णा." लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी घरी जाताना ते तिच्यापुढे दोन पावलं चालत होते आणि भट्टीबद्दल बोलत होते. उद्या दुपारनंतर ज्वाळा पिवळट होईल, तेव्हा घाई करायची नाही, धूर आधी पातळ होऊ द्यायचा. तीन वर्षांत ते सलग एवढी वाक्यं बोलले नव्हते. ती खूश होती. तो शेवटचा बरा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता अण्णा हात वर न करता तोंडापुढून हटले आणि सावलीत जाऊन आडवे झाले.

त्या वेळी भोंगा आणि आणखी दोघं निथळत उभे होते. कौलं वाहणारी मावशी भट्टीवर पन्नास वर्षं काढलेली बाई. ती डोक्यावरची चुंबळ काढत म्हणाली, "मालकाच्या घरच्यांना नियम नसतो वाटतं." कुणी हसलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. काकांनी मावशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

ती सावलीत गेली. अण्णा कुशीवर होते, डोळे उघडे. तिने पाठीवर पंजा ठेवला. सदरा कोरडा होता. सदऱ्याखालचं अंग तापलेल्या भिंतीसारखं होतं. ते तिच्या हाताला कळलं. हात शहाणा होता. तिने हात उचलला.

"उठा अण्णा. सगळे बघतायत."

"डोकं फुटतंय गं."

"थोडाच वेळ. ज्वाळा पिवळी होतेय, तुम्हीच म्हणाला होतात ना? तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

अण्णा उठले. एका हाताने खांब धरून, गुडघा दाबून, उठले. जाऊन उभे राहिले. ज्वाळेकडे बघून म्हणाले, "उजवीकडे बास." ते बरोबर होतं.

पाऊण तासाने ते तोंडापासून उलटे फिरले आणि वाळत घातलेल्या कौलांवरून सरळ चालत सुटले. पायाखाली कच्ची कौलं मोडत होती. ते आईला हाक मारत होते, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोला. तिला पाणी मागत होते. तोल जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. डोळे तांबडे, चेहरा तांबडा, अंगावर पाण्याचा टिपूस नाही.

"झटका आला!" काका ओरडले. "धरा! भट्टीकडे जाऊ देऊ नका!"

चौघांनी धरलं. मागच्या वेळीही चौघांनीच धरलं होतं, त्यामुळे प्रत्येकाला आपापली जागा ठाऊक होती. साच्यांच्या खोलीत नेलं. पत्र्याची, एक दार, खिडकी नाही. मागच्या वेळीही तिथेच ठेवलं होतं.

"गोळी आहे जवळ?" काका म्हणाले. "अजून एक दे. डॉक्टर म्हणाले होते ना, वाढलं तर जादा द्यायची?"

म्हणाले होते. तिच्या पिशवीत पाकीट होतं. तिने पांढरी काढली, हात कापू नयेत म्हणून पिवळीही काढली. अण्णांचा जबडा धरला, बोटाने दोन्ही गोळ्या जिभेच्या मुळाशी ढकलल्या, घोटभर पाणी ओतलं. घोटभरच. मग जीभ उचलून पाहिली.

पत्र्याच्या खोलीत ते अर्धा तास होते. ती दारात बसून राहिली. आतला आवाज कमी होत गेला तेव्हा काका म्हणाले, "लागू पडली बघ."

दवाखान्यात पोहोचायला टेम्पोला एक तास लागला. तिथल्या नर्सने अण्णांच्या काखेत थर्मामीटर लावलं, काढून पाहिलं, झटकून पुन्हा लावलं. मग तिने ओरडून ओल्या चादरी मागवल्या, पंखा ओढला, सदरा कात्रीने कापला.

"कशावर आहेत हे? कुठल्या गोळ्या?"

तिने पाकिटं पुढे केली.

"आणि उन्हात ठेवलं यांना?" नर्स विशी-बाविशीची असेल. हात थांबत नव्हते, बोलणंही थांबत नव्हतं. "या गोळ्यांवरच्या माणसाला घाम येत नाही पुरेसा. अंग थंड होत नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला? घाम येत नाही असं म्हणाले नाहीत का हे?"

"म्हणाले," ती म्हणाली.

एवढं एकच तिने तिथे उत्तर दिलं. अण्णा सूर्य मावळायच्या आत गेले.

नवव्या दिवशी ती उरलेली पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेली. रांगेत अडीच तास बसली. समोरच्या बाकावर एक पोरगी बसल्या जागी पाय नाचवत होती आणि तिची आई दर दोन मिनिटांनी तिच्या गुडघ्यावर चापट मारत होती. "नीट बस की. माणसांत आलोय ना आपण?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, वाईट झालं म्हणाले. तिने विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"माहितीच्या कागदावर सगळं असतं."

"कागद कधी मिळालाच नाही. दुकानदार दहा-दहा गोळ्या कापून देतो. कागद खोक्यात राहतो, त्याच्या फळीवर. मी वाचणारी बाई आहे, डॉक्टर. पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. एक ओळ लिहून दिली असती."

"हे बघा, गोळ्या नसत्या तर तुमचे वडील तीन वर्षांपूर्वीच त्या भट्टीत गेले असते."

ते खरं होतं. ते खरं असल्यामुळे तिचा संताप आणखी वाढला. दार आपटावं, टेबल उलटं करावं, असं तिला वाटलं, आणि ती हातातली पाकिटं घट्ट धरून बसून राहिली.

"दर तीन महिन्यांनी आणत होते त्यांना," ती म्हणाली. "दोन मिनिटं. झोप लागते? लागते. ओरडतात? नाही. छान, चालू ठेवा. त्यांना तुम्ही कधी विचारलंत, तुम्हाला कसं वाटतं?"

"विचारलं असणार." डॉक्टरांनी जुना कागद काढला, चाळला. "हे बघा, मागच्या खेपेची नोंद. पेशंट म्हणतो, अंग आतून तापतं. पुढे लिहिलंय, सोबत आलेली मुलगी म्हणते, ते तसं काहीबाही बोलतात."

तिला ती दुपार आठवली. बाहेर टेम्पो थांबला होता. अण्णांनी तोंड उघडलं होतं, टाळ्याला चिकटलेली जीभ सोडवत एकेक शब्द जुळवत होते, आणि तिला घाई होती.

बाहेर आल्यावर तिने नाचणाऱ्या पायांच्या पोरीच्या आईला म्हटलं, "चापट मारू नका. गोळीने होतं ते. आत गेलात की तेच आधी सांगा. आणि घाम येतो का ते बघत जा." बाईने तिच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

दोन दिवसांनी भट्टी उघडली. निवायलाच तिला इतके दिवस लागले होते. वरचा थर निघाला तसा भोंग्याने एक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवलं. घंटेसारखं वाजलं. दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं. एकाही कौलाला तडा नव्हता. नुसत्या नजरेने अण्णांनी भट्टी साधून दिली होती.

भोंगा उघड्यावर रडला. त्याचा आवाज होता तसाच, सगळ्या आवाराला पुरणारा.

गिऱ्हाईक आलं होतं, दोन माणसं घेऊन. शाळेच्या छपराला कौलं हवी होती. त्याने एक कौल उन्हात धरलं आणि विचारलं, "मिस्त्री गेले म्हणे? काय झालं होतं?"

"डोक्याचं दुखणं होतं ना जुनं," काका म्हणाले. "झटका आला. भट्टीकडे धावत सुटला. आम्ही सगळं केलं, पण झटका मोठा होता. चला, सुटला बिचारा."

काका खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. गेल्या दहा-अकरा दिवसांत हे वाक्य घरोघरी फिरून आलं होतं आणि गुळगुळीत झालं होतं. आणखी महिन्याने त्याला कुणी हात लावू शकलं नसतं. मावशीने मान डोलावली. गिऱ्हाइकानेही डोलावली. पलीकडे दुसरी भट्टी रचून तयार होती. तिच्या तोंडापुढे दोन नवे लोक काका दाखवतील तसे उभे होते, आणि भोंगा डोळे पुसत त्यांना नियम समजावून सांगत होता. पाठीवर पंजा कसा ठेवायचा, कधी सावलीत जायचं, कधी नाही.

ती वाळवणाच्या जागेवरून उठली. हाताला माती होती, ती तिने पुसली नाही.

"झटका नव्हता," ती म्हणाली.

काका वळले. "काय?"

"झटका नव्हता. ऊन लागलं त्यांना. गोळ्यांनी घाम बंद झाला होता. ते सांगत होते. मला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. अंगावर पाणी ओतून घेतलं, तर आपण बादली काढून घेतली."

"जाऊ दे आता, पोरी. झालं ते झालं. तुझं मन थाऱ्यावर नाही."

"माझं मन थाऱ्यावर आहे. त्यांचंही होतं. ते सावलीत जाऊन पडले होते, ते बरोबर पडले होते. मी पाठीला हात लावला. चटका बसला हाताला. तरी उठवलं."

भोंगा बोलता बोलता थांबला. नव्या लोकांपैकी एकाच्या पाठीवर ठेवलेला पंजा त्याने काढून घेतला.

काका जवळ आले. आवाज खाली आणून, दातांतून म्हणाले, "अगं, गप. लोक आहेत."

"लोक होते म्हणूनच उठवलं मी त्यांना," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.